डॉ. जॉन कॉनोली : बांधलेले हात सोडविणारा वैद्य

यंदाच्या स्मरणिकेसाठी प्रत्येकीने एकेका थोर व्यक्तीचे चरित्र लिहावे असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा बहुतेक भगिनींनी जिजामाता, अहिल्याबाई, सावित्रीबाई अशी आपल्या ओळखीची नावे घेतली. मी मात्र एका परदेशी डॉक्टरांचे नाव सांगितले, तेव्हा पुष्कळजणींना नवल वाटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मोठमोठी पुस्तके वाचणारी मी नव्हे. तरी या गृहस्थांचे चरित्र मला का सांगावेसे वाटले, ते आधी सांगितले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी माझे मामंजी न्हाणीघरात घसरून पडले व त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशन चांगले झाले. पण दुसऱ्या रात्री त्यांना भ्रम झाला. आपण गावच्या घरी आहोत, गोठ्यात गाय सुटली आहे असे काहीबाही बोलत ते उठू लागले आणि हाताला लावलेली सलाईनची नळी त्यांनी उपसून काढली. त्या रात्री आमच्यापैकी कोणाला जवळ थांबू दिले नव्हते. सकाळी मी चहा घेऊन गेले तो त्यांचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीने खाटेच्या कठड्याला बांधलेले. मनगटे लाल होऊन सुजली होती. आयुष्यभर शाळेत मुलांना शिकविलेला हा माणूस मला पाहून लहान मुलासारखा रडू लागला. ते दुखण्यापेक्षा लाजेचे रडणे होते. हे कोणी सांगितले, किती वेळ बांधले, मध्ये सोडले की नाही, याची कोठे नोंद नव्हती आणि आम्हाला कोणी काही विचारलेही नव्हते.

माझ्या बहिणीची मुलगी परिचारिका आहे. तिच्यापाशी मी हे बोलले, तेव्हा तिने मला रुग्णाला बांधण्याचे नियम समजावून दिले आणि हे नियम ज्यांच्या खटपटीतून पुढे आले त्या डॉक्टरांची गोष्ट सांगितली. ती ऐकून मी तिच्याकडून आणखी माहिती मिळविली. तीच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

जॉन कॉनोली यांचा जन्म २७ मे १७९४ रोजी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात मार्केट रेझन या लहानशा गावी झाला. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवराव पेशव्यांचे दिवस होते. जॉन लहान असतानाच वडील वारले. मुलाला नातेवाइकांकडे ठेवावे लागले. पोरक्या मुलाचे दुसऱ्याच्या घरी जसे होते तसेच याचेही झाले. शिक्षण बेताचे, आणि मायेची उणीव मोठी. पुढे आई हल शहरी राहू लागली, तेव्हा तो तिच्याकडे गेला. तेथे त्याला फ्रेंच भाषा येऊ लागली, हा एक लाभ झाला. अठराव्या वर्षी तो मिलिशिया नावाच्या राखीव सैन्यात भरती झाला आणि काही वर्षे त्याने स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये काढली.

१८१६ साली त्यांचे लग्न झाले. पत्नी एका आरमारी कप्तानाची मुलगी होती. लग्नानंतर दोघे काही काळ फ्रान्समध्ये राहिली. पण हाती धंदा नाही, अशा स्थितीत किती दिवस निभावणार? शेवटी संसाराची जबाबदारी अंगावर असताना कॉनोलींनी एडिंबरो येथे जाऊन वैद्यकीच्या अभ्यासाला आरंभ केला. भगिनींनो, आपल्यापैकी कित्येकजणी मुले मोठी झाल्यावर पुन्हा अभ्यासाला बसल्या आहेत, त्यांना यातले कष्ट ठाऊक आहेत. १८२१ साली ते एम. डी. झाले. पदवीसाठी त्यांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता वेड आणि विषण्णता यांमधील मनाची स्थिती. म्हणजे ज्या वाटेने पुढे जावयाचे होते, तिच्यावर पहिले पाऊल तेव्हाच पडले होते.

त्या काळी वेड्या माणसांचे काय हाल होत, हे सांगितल्यावाचून पुढची गोष्ट कळावयाची नाही. लंडनमध्ये बेथलेम नावाचे फार जुने वेड्यांचे इस्पितळ होते. १८१४ साली काही सद्गृहस्थ ते पाहावयास गेले असता त्यांना जेम्स नॉरिस नावाचा मनुष्य आढळला. त्याच्या गळ्यात लोखंडी कडे होते, ते साखळीने एका खांबाला जोडलेले होते आणि छातीभोवती व दंडांभोवती लोखंडी पट्टे ठोकलेले होते. अशा स्थितीत त्याने दहा वर्षांहून अधिक काळ काढला होता. हे उघडकीस आले तेव्हा मोठा गवगवा झाला व १८१५ साली पार्लमेंटच्या समितीने चौकशी केली.

सगळीकडे असाच अंधार होता असे मात्र नाही. फ्रान्समध्ये डॉ. फिलिप पिनेल आणि त्यांचे सहकारी पुसाँ यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस रुग्णांच्या बेड्या काढविल्या होत्या. इंग्लंडात यॉर्क गावी विल्यम ट्यूक नावाच्या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ साली एक शांत घर उघडून तेथे वेड्यांना माणसासारखे वागविण्याचा परिपाठ घातला होता. पण तेथेही बंधने अगदीच गेली नव्हती. लोखंडाच्या जागी चामडे व कापड आले होते, इतकेच. चामड्याचे हातमोजे, कमरेचे पट्टे, पायांची कुलपे, आणि ज्याच्या लांबलचक बाह्या पाठीमागे नेऊन बांधतात असा जाड कापडाचा अंगरखा, ही साधने घरोघरच्या विळी-पाट्यासारखी प्रत्येक वेड्यांच्या इस्पितळात असत. बांधल्याशिवाय असले रोगी सांभाळता येतील, हे फारच थोड्यांना खरे वाटे.

कॉनोली आरंभी लहान गावांतून दवाखाना चालवीत. १८२३ च्या सुमारास ते स्ट्रॅटफर्ड येथे येऊन राहिले. शेक्सपियर नाटककाराचे हे गाव. तेथे ते लोकांच्या विश्वासास इतके उतरले की दोनदा त्या गावचे मेयर झाले. त्याच परगण्यातील वेड्यांच्या खाजगी घरांची पाहणी करण्याचे कामही त्यांच्याकडे आले. दाराआड काय चालते ते त्यांनी तेथे पाहिले. पुढे लंडनच्या नव्या विद्यापीठात त्यांना वैद्यकाच्या अध्यापकाची जागा मिळाली. विद्यार्थ्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेऊन या रोगाचे शिक्षण द्यावे अशी त्यांची इच्छा होती, पण ती मान्य झाली नाही. १८३० साली त्यांनी वेडाच्या लक्षणांविषयी पुस्तक लिहिले. कोणी थोडा वेगळा वागला की त्याला कोंडून टाकावयाचे, ही रीत चुकीची आहे, कोंडण्याची गरज प्रत्येकाच्या बाबतीत वेगळी तपासली पाहिजे, असे त्यात त्यांनी मांडले. पुढे विद्यापीठ सोडून ते पुन्हा वॉरिककडे गेले. १८३२ साली डॉ. चार्ल्स हेस्टिंग्ज यांनी डॉक्टरांची जी मोठी संस्था स्थापिली, तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत कॉनोली होते. तीच आजची ब्रिटिश मेडिकल असोसिएशन होय.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. लिंकन गावी १८२० साली एक वेड्यांचे इस्पितळ उघडले होते. तेथे डॉ. चार्ल्सवर्थ हे बंधने कमी करावी अशा मताचे होते. १८२९ साली तेथे फार वाईट घटना घडली. विल्यम स्क्रिव्हिंजर नावाच्या रुग्णाला रात्री बांधाचा अंगरखा घालून खाटेला पट्ट्यांनी जखडून ठेविले. जवळ कोणी नव्हते. सकाळी पाहतात तो तो मरून पडलेला. यानंतर तेथे नियम झाला की कोणालाही रात्री बांधावयाचे झाल्यास सेवकाने रात्रभर त्याच खोलीत राहिले पाहिजे. गंमत अशी की, जागरण करावयाचे म्हटल्यावर बांधण्याची गरज पुष्कळ कमी झाली. जवळ माणूस असले म्हणजे दोरीचे काम काय? १८३५ साली तेथे रॉबर्ट गार्डिनर हिल नावाचे चोवीस वर्षांचे तरुण डॉक्टर आले. त्यांनी रोजच्या नोंदी पाहत पाहत बंधने कमी करीत आणली व १८३८ पर्यंत ती साफ बंद केली.

लंडनच्या पश्चिमेस हानवेल येथे मिडलसेक्स परगण्याचे गोरगरिबांसाठी बांधलेले वेड्यांचे इस्पितळ होते. ते १८३१ मध्ये सुरू झाले. तेथले पहिले डॉक्टर विल्यम एलिस व त्यांच्या पत्नी मिल्ड्रेड यांनी रुग्णांना बागकाम, शिवणकाम अशा कामांत गुंतविण्याची चांगली प्रथा पाडली होती. तरी पट्टे व बेड्या होत्याच. १८३८ साली ती जागा रिकामी झाली तेव्हा कॉनोलींनी अर्ज केला, पण दुसऱ्याची निवड झाली. पुढच्याच वर्षी जागा पुन्हा रिकामी झाली व ती त्यांना मिळाली. वय पंचेचाळीस. तोवर कोठेच नीट जम बसला नव्हता. कामावर रुजू होण्यापूर्वी मे महिन्यात त्यांनी मुद्दाम लिंकनला जाऊन हिल यांचे काम डोळ्यांनी पाहिले.

१ जून १८३९ रोजी ते हानवेलला आले. इस्पितळात आठशेहून अधिक रुग्ण. त्यांपैकी सुमारे चाळीसजण जवळजवळ सतत बांधलेले असत. इस्पितळात शोध घेतला तेव्हा बंधनाची सुमारे सहाशे साधने निघाली. त्यांतील निम्मी तर हातबेड्या व पायांची कुलपेच होती. जेथे सेवक कमी, तेथे रोग्याला अडकवून ठेवणे सोपे पडे. हा रोगी त्रास देतो म्हणून बांधला, आणि बांधला म्हणून तो अधिक त्रास देऊ लागला, असे चक्र चालू होते.

कॉनोलींनी पहिल्याच दिवशी हुकूम सोडून सगळे पट्टे जाळले नाहीत. त्यांनी आधी एक साधी गोष्ट केली. किती रुग्णांना आज बांधले याची रोजची यादी आपल्याकडे आलीच पाहिजे, असे त्यांनी सांगितले. संसारात रोजचा हिशेब लिहू लागले की वायफळ खर्च आपोआप कमी होतो, त्यातलाच हा प्रकार. १ जुलैनंतर कोणत्याही दिवशी बांधलेल्यांची संख्या अठराच्या वर गेली नाही. ३१ जुलैनंतर ती आठच्या वर गेली नाही. १२ ऑगस्टनंतर एकाहून अधिक कधी झाली नाही. आणि २१ सप्टेंबर १८३९ नंतर तेथे कोणालाच बांधले गेले नाही. चार महिन्यांच्या आत एवढ्या मोठ्या इस्पितळातून बंधने नाहीशी झाली.

बांधावयाचे नाही, मग करावयाचे काय? लोक विचारीत ते हेच. कॉनोलींचे उत्तर भाषणात नव्हते, व्यवस्थेत होते. त्यांनी पहिली मागणी केली ती अधिक सेवकांची व चांगल्या सेवकांची. सेवक दयाळू, शांत व धीराचा हवा, आणि त्याला पगारही बरा हवा, असा त्यांचा आग्रह असे. रात्री फिरून लक्ष ठेवणारी माणसे नेमली. स्वतः ते सकाळ-संध्याकाळ सर्व दालनांतून फिरत आणि रात्रीही अचानक जात. एखादा रुग्ण कपडे फाडी, त्याला जाड, टाचून शिवलेल्या कापडाचे कपडे दिले. थंडीत जोडे टाकून देणाऱ्याला सहज न निघणारे उबदार जोडे केले. फारच खवळलेल्या रुग्णासाठी एक खोली केली. तिच्या भिंतींना जाड कापडाआड नारळाच्या काथ्याची गादी लावली होती. आपल्या कोकणातल्या बायका ज्या काथ्याचे दोर वळतात, तोच काथ्या तेथे इंग्लंडात माणसाचे डोके फुटू नये म्हणून उपयोगी पडला, हे वाचून मला मोठी मौज वाटली. अशा खोलीत रुग्णाला थोडा वेळ ठेवीत व झरोक्यातून लक्ष ठेवीत.

याखेरीज अन्न पोटभर व चांगले, अंथरूण कोरडे, अंग स्वच्छ, दिवसा काहीतरी काम व मोकळी हवा, संध्याकाळी थोडे गाणेबजावणे, ही सर्व औषधेच होत असे ते मानीत. रुग्णांसाठी त्यांनी वाचन-लेखनाचे वर्गही काढले, परंतु कारभारी मंडळींना ते पसंत पडले नाहीत आणि बंद करावे लागले. १८४२ पासून ते वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना हानवेलला बोलावून शिकवू लागले. लंडनच्या विद्यापीठात जे जमले नव्हते, ते अशा रीतीने बारा वर्षांनी साधले.

विरोध झालाच. हे स्वप्नरंजन आहे असे काही डॉक्टर म्हणत. पट्ट्याने बांधण्यापेक्षा चार धटिंगणांनी दाबून धरणे अधिक वाईट, असाही आक्षेप घेत. हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. निर्दय सेवकाच्या हातून रुग्णाची हाडे मोडू शकतात. म्हणूनच तर कॉनोली पट्टा काढण्याइतकेच सेवक निवडण्यावर भर देत. नुसता पट्टा काढला आणि माणूस दिले नाही, तर त्या सुधारणेला अर्थ उरत नाही.

श्रेयाचाही वाद झाला. मुळात हे काम लिंकनला झाले, हे कॉनोलींनी कधी लपविले नाही. तेथे जाऊन शिकलो हे त्यांनी उघड सांगितले. पण हानवेल मोठे, राजधानीजवळ, म्हणून नाव झाले ते हानवेलचे. बिचारे हिल मात्र विरोधाला कंटाळून १८४० मध्ये लिंकनची नोकरी सोडून गेले. जगाची रीत अशीच आहे. रांधणारी एक, आणि वाढणारीचे कौतुक.

हानवेलचे नाव इतके झाले की दूरदूरचे डॉक्टर ते पाहावयास येऊ लागले. १८४५ साली इंग्लंडात वेड्यांसंबंधी नवा कायदा झाला व इस्पितळांवर देखरेख करणारे कमिशनर नेमले गेले. कोणाला बांधले वा एकटे कोंडले तर त्याची कारणासह नोंद ठेवणे इस्पितळांना भाग पडले. पुढे १८९० च्या कायद्याने डॉक्टरच्या दाखल्याशिवाय यांत्रिक बंधन घालता येणार नाही असे ठरले. म्हणजे कॉनोलींनी आपल्या टेबलावर मागविलेली ती रोजची यादी पुढे देशाच्या कायद्यात जाऊन बसली.

स्वतः कॉनोलींचे मात्र हानवेलमधील अधिकार फार दिवस टिकले नाहीत. कारभारी मंडळाने डॉक्टराच्या वर एक लष्करी पेन्शनर अधिकारी आणून बसविला. १८४४ साली कॉनोलींनी तेथे राहून काम पाहण्याची जागा सोडली व १८५२ पर्यंत ते केवळ भेट देणारे डॉक्टर म्हणून जात राहिले. १८५२ साली ऑक्सफर्ड विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली व चाहत्यांनी त्यांचे मोठे तैलचित्र काढवून अर्पण केले. मतिमंदांसाठी इंग्लंडात ज्या आरंभीच्या संस्था निघाल्या, त्यांतील एकीच्याही उभारणीत त्यांचा हात होता. १८५६ साली त्यांनी बंधनाशिवाय रुग्णांना कसे सांभाळावे यावर आपला सारा अनुभव ग्रंथरूपाने लिहून ठेवला.

थोरांचे चरित्र लिहिताना त्यांचे दोष झाकण्याची आपल्याकडे चाल आहे. मला ती बरी वाटत नाही. उतारवयात कॉनोलींनी घरीच काही श्रीमंत स्त्री-रुग्ण ठेवून घेण्यास आरंभ केला. ज्या माणसाने विनाकारण कोंडू नका म्हणून पुस्तक लिहिले, तोच पुढे श्रीमंतांच्या नातेवाइकांना वेडे ठरविण्याच्या दाखल्यांवर सह्या करू लागला. १८५८ साली असाच एक खटला उभा राहिला. रक नावाच्या गृहस्थास त्यांनी वेडा ठरविले होते, आणि ज्या खाजगी घरात त्याला ठेवले तेथून मिळणाऱ्या पैशात कॉनोलींचाही वाटा होता, असे कोर्टात निघाले. त्यांची फार नाचक्की झाली. चार्ल्स रीड नावाच्या कादंबरीकाराने पुढे १८६३ मध्ये त्यांच्यावर बेतलेले एक पात्र रंगवून त्यांची टर उडविली. पैशाची ओढाताण त्यांना जन्मभर होती हे खरे. पण म्हणून केले ते योग्य ठरत नाही. मला यातून एवढेच समजले की, माणूस कितीही चांगला असला तरी त्याच्यावर सर्व सोपवून भागत नाही. नियम हवा, वही हवी, आणि ती वही तपासणारा तिसरा माणूस हवा.

अखेरच्या वर्षांत त्यांनी शेक्सपियरच्या हॅम्लेट नाटकावर एक लहान पुस्तक लिहिले. ५ मार्च १८६६ रोजी हानवेल येथेच, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले. त्यांचा एक मुलगा न्यूझीलंडला जाऊन मंत्री व न्यायाधीश झाला. एक जावई डॉ. हेन्री मॉड्स्ली हे मनोरोगांचे नामांकित डॉक्टर. त्यांच्या देणगीतून उभे राहिलेले इस्पितळ लंडनमध्ये आजही त्यांच्या नावाने प्रसिद्ध आहे.

ही झाली परदेशातील गोष्ट. आपल्या देशात काय आहे? ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे मनोरुग्णांना ठेवण्याच्या एका झोपडीला पहाटे आग लागली. रुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते, त्यांना पळता आले नाही. अठ्ठावीस जीव गेले. कॉनोलींनी हानवेलच्या बेड्या काढल्यानंतर एकशे बासष्ट वर्षांनी ही घटना घडली. तिच्यानंतर साऱ्या देशात चौकशी झाली.

२०१७ साली आपल्याकडे मानसिक आरोग्याविषयी नवा कायदा झाला व तो २०१८ मध्ये अमलात आला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधावयाचे नाही. एकटे कोंडून ठेवणेही मना आहे. म्हणजे कॉनोलींच्या काथ्याच्या खोलीच्याही पुढे आपला कायदा गेला आहे. हातपाय बांधणे केवळ तेव्हाच, जेव्हा रुग्णाला वा दुसऱ्याला तत्काळ इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा उपायच नसेल. तेही मनोविकारतज्ज्ञाच्या संमतीने, गरजेपेक्षा क्षणभरही अधिक नाही, आणि पद्धत, कारण व वेळ यांची नोंद करून. शिक्षा म्हणून बांधावयाचे नाही, आणि सेवक कमी आहेत म्हणूनही बांधावयाचे नाही. रुग्णाने नेमलेल्या व्यक्तीला चोवीस तासांत कळविले पाहिजे.

हा कायदा मनोरुग्णांच्या संस्थांसाठी आहे. साध्या इस्पितळात हाड मोडलेल्या वा ताप चढलेल्या रुग्णालाही कधी कधी बांधावे लागते, कारण श्वासाची नळी ओढून काढली तर जीवच जाईल. अशा वेळची रीत भाचीने मला सांगितली, ती प्रत्येकीने लक्षात ठेवावी. डॉक्टरांचा लेखी हुकूम असावा. पट्टा मऊ व रुंद असावा, आणि मनगट व पट्टा यांत दोन बोटे सहज जावीत. तो खाटेच्या चौकटीला बांधावा, वरखाली होणाऱ्या कठड्याला कधीही नाही. गाठ एका ओढीत सुटेल अशी असावी. बोटे गार, निळी वा बधिर तर होत नाहीत ना, हे वरचेवर पाहावे. साधारण दोन तासांनी सोडून हात हलवू द्यावा, पाणी द्यावे, लघवीला विचारावे. आणि आता सोडता येईल का, हे दर वेळी नव्याने ठरवावे. घरच्यांना कारण विचारण्याचा हक्क आहे. विचारताना भांडावयाचे कारण नाही, पण गप्पही बसू नये.

तिने आणखी एक सांगितले. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसांना असा भ्रम होतो, तो बहुधा काही दिवसांत उतरतो. त्यांचा चष्मा, कानाचे यंत्र जवळ द्यावे. दिवसा उजेड व रात्री झोप मिळावी. समोर घड्याळ असावे. आणि सर्वांत मोठा उपाय म्हणजे ओळखीचा चेहरा व ओळखीचा आवाज. बांधल्याने मात्र भ्रम अधिक वाढतो.

आता एक गोष्ट कबूल करावयाची आहे. इस्पितळावर मी रागावले, ते वर लिहिलेच आहे. पण मामंजींना घरी आणल्यावर पाचव्या रात्री मीही तेच केले. यजमान रात्रपाळीला, मुलांची परीक्षा, आणि मी चार रात्रींची जागी. मामंजी पुनःपुन्हा उठू पाहत. पुन्हा पडले तर काय, या भीतीने मी माझ्या जुन्या सुती साडीची पट्टी फाडून त्यांचा एक हात खाटेला बांधला आणि शेजारीच आडवी झाले. मऊ कापड आहे, सैल गाठ आहे, असे मनाला समजाविले. पहाटे जाग आली तेव्हा ते डोळे उघडे ठेवून पडले होते. ते रडले नाहीत, काही बोललेही नाहीत. मी गाठ सोडली, तेव्हा त्यांनी तोच हात माझ्या डोक्यावर ठेवला. पुढे वर्षभराने ते गेले. तो हात मला अजून जाणवतो.

म्हणून कॉनोलींच्या चरित्रातील एक गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. बांधणारा प्रत्येक माणूस दुष्ट असतो असे नाही. तो पुष्कळदा थकलेला व एकटा असतो. इस्पितळातील ती रात्रीची परिचारिकाही किती रुग्णांमागे एकटी होती, कोण जाणे. हानवेलला पट्टे सुटले ते केवळ दयेने सुटले नाहीत. पट्ट्याच्या जागी माणूस आले, म्हणून सुटले.

आपल्या मंडळात आपण हळदीकुंकू करतो, सहली काढतो, भिशी चालवितो. त्याचबरोबर एक लहानशी वही घालावी अशी माझी सूचना आहे. आपल्या आळीत कोणाच्या घरी असा रुग्ण असला, तर रात्री दोन-दोन तास जवळ बसावयास कोण येऊ शकेल, त्यांची नावे त्या वहीत असावी. औषधपाण्याचे आपल्याला कळत नसले तरी चालेल. शेजारी बसून हात हातात धरणे आपल्याला येते. त्या पाचव्या रात्री माझ्या दाराशी कोणी दोन तासांसाठी आली असती, तर ती साडी फाडण्याची वेळ माझ्यावर आली नसती.

पहिले नाव माझे लिहावे. रात्री अकरा ते एक या वेळेला मी कोणाकडेही येईन.

— मंडळाची एक सभासद